कुलाबा नॉर्वेला गेला तेव्हा: साइटवरच्या माणसाने कॉम्प्युटर कसा शिकायचा

मी साइट जिऑलॉजिस्ट. वीसबावीस वर्षं मुंबईत बोअरहोल मारून घेतेय. मारतो ड्रिलर, मी शेजारी छत्री धरून उभी असते, वर आलेले दगडाचे दांडके कोअर बॉक्समध्ये क्रमाने लावून घेते आणि लॉग लिहिते. वर भराव, मग खाडीची चिकट माती, मग मुरूम, खाली बेसाल्ट नाहीतर ब्रेशिया (तुकड्यातुकड्यांचा खडक), मधूनच टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक). हे सगळं वहीत. ऑफिसात कुणीतरी त्याचं एक्सेल करायचं, एवढाच माझा कॉम्प्युटरशी संबंध. २०२० साली साइट बंद पडल्या, डोंबिवलीच्या घरात बसून भिंती मोजून झाल्या, आणि बेचाळिसाव्या वर्षी मी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली. गुरू माझी भाची. ती तेव्हा पुण्यात एमएस्सी करत होती आणि रोज रात्री व्हिडिओ कॉलवर माझी शिकवणी घ्यायची. "मावशी, तू माउस बंदुकीसारखा का धरतेस?" इथून सुरुवात.

आता साइटवर येणारी नवी मुलं विचारतात, मॅडम, कुठला कोर्स करू? म्हणून हे लिहितेय. भूशास्त्र, हवामान, भूजल, यांतल्या कुठल्याही वाटेने आलेल्या आणि कॉम्प्युटरला थोडं बिचकणाऱ्या माणसासाठी.

कोर्स नंतर बघू. आधी एक प्रश्न घ्या, आणि तो अशा जागेचा घ्या की जिथे तुम्ही पायांनी फिरला आहात. कारण मशीन कधीही "मला नाही बुवा माहीत" म्हणत नाही. चुकीचं विचारलं तरी दशांशाच्या सहा घरांपर्यंत उत्तर देतं. ते उत्तर बघून "हॅट्, असं कसं असेल" म्हणणारं कुणीतरी हवं, आणि सुरुवातीला ते कुणीतरी म्हणजे तुमची जागेची ओळख. परदेशातल्या कुठल्याशा दरीचा सरावाचा डेटा घेतलात, तर उत्तर बरोबर की चूक, कळायचं कसं?

माझा प्रश्न २६ जुलै २००५ चा. त्या दिवशी मी मरोळला साइटवर होते. दुपारनंतर कमरेएवढ्या पाण्यातून, एकमेकांचे हात धरून, अनोळखी लोकांच्या साखळीत चालले. नवरा फोर्टमध्ये ऑफिसात. मध्येच एकदा फोन लागला तर म्हणतो, "अगं, इकडे तर साधाच पाऊस आहे." मला वाटलं थट्टा करतोय. नंतर आकडे आले: चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७३. एकाच शहरातल्या दोन वेधशाळा, मध्ये सरळ रेषेत चोवीसेक किलोमीटर. तर हा पाऊस, खालची जमीन आणि मिठी नदी मला स्वतःच्या हाताने नकाशावर मांडता येईल का, हा माझा अभ्यासक्रम. तुमचा वेगळा असेल. वसईच्या विहिरी घ्या, पालघरचे छोटे भूकंप घ्या, घराच्या खिडकीतून दिसणारी टेकडी घ्या.

सामान

यावर फार वेळ घालवू नका. आठ जीबी रॅमचा कुठलाही बरा लॅपटॉप चालतो. माझा लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना आहे. क्यूजीआयएस फुकट आहे. डाउनलोड करताना सगळ्यांत नवी आवृत्ती सोडून "लाँग टर्म रिलीज" म्हटलेली घ्या, ती शांत असते. पायथन मिनीकोंडा नावाच्या तयार संचातून घ्या. तेही नको असेल तर गुगल कोलॅब ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, त्यांतले काही मराठीतही ऐकता येतात. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था रिमोट सेन्सिंग (उपग्रहातून पाहणी) आणि जीआयएसचे (कॉम्प्युटरवरच्या नकाशांचे) ऑनलाइन वर्ग फुकट घेते. एवढं पुरे.

एक बारीक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण तिने माझे दोन दिवस खाल्ले. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. मी हौसेने "मिठी नदी नवीन" असं फोल्डर केलं होतं. क्यूजीआयएसने कुरकुर केली नाही, पण त्याच्या पोटातलं एक जुनं साधन मुकाट्याने रिकामी फाइल काढून देत होतं.

पहिला आठवडा: दोन ठिपके

पायथनला हात लावू नका. क्यूजीआयएस उघडा, मागे ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा लावा आणि त्यावर फक्त दोन ठिपके बसवा. मी वहीत लिहिलं: कुलाबा १८ अंश ५४ मिनिटं उत्तर, ७२ अंश ४९ मिनिटं पूर्व. सांताक्रूझ १९ अंश ७ मिनिटं, ७२ अंश ५१ मिनिटं. मग एका साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली मजकुराची फाइल) १८.५४ आणि ७२.४९ असं भरलं. ठिपका बसला अलिबागच्याही दक्षिणेला, भर समुद्रात. अंशात मिनिटं साठ असतात, शंभर नाहीत, हे शाळेत शिकवलेलं. पण टिंब दिसलं की हात आपोआप तसाच भरत जातो. ५४ भागिले ६०, म्हणजे ०.९. कुलाबा १८.९०, ७२.८२. सांताक्रूझ १९.१२, ७२.८५.

दुरुस्त करून पुन्हा फाइल चढवली, तर नकाशावर काहीच नाही. "झूम टू लेयर" दाबलं आणि मुंबई नाहीशी होऊन सगळीकडे निळंच निळं. बाहेर बाहेर येत गेले तेव्हा खाली नॉर्वेचं टोक दिसलं. झालं असं, की आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, मग रेखांश. मशीनला आधी एक्स हवा, म्हणजे रेखांश, मग वाय. मी उलटं दिलं, म्हणून कुलाबा ७२ अंश उत्तरेवर जाऊन बसला. आता हसू येतं. पण तेच बोअरहोलच्या बाबतीत झालं असतं आणि चूक नॉर्वेइतकी मोठी न होता पन्नास मीटरची झाली असती, तर ती कुणाला दिसली असती?

तेव्हापासूनचा माझा नियम: कुठलाही डेटा चढवला की आधी त्यातला एक ओळखीचा बिंदू शोधायचा. मी गिल्बर्ट हिल शोधते. अंधेरीत, इमारतींच्या गराड्यात सुमारे दोनशे फूट उभा राहिलेला तो खांबाखांबांचा बेसाल्ट. तो जागेवर असेल तर पुढे.

पाऊस

आता पायथन. आयएमडी पुणे, म्हणजे भारतीय हवामान खातं, भारताचा रोजचा पाऊस चौकटींच्या स्वरूपात फुकट देतं, १९०१ पासूनचा. पाव अंशाची एक चौकट, म्हणजे आपल्याकडे साधारण २८ बाय २६ किलोमीटर. रेखांश ६६.५ ते १०० आणि अक्षांश ६.५ ते ३८.५, म्हणून आडव्या १३५ आणि उभ्या १२९ जागा.

फाइल उघडण्याआधी तिचं वजन बघा. हे मला भाचीने शिकवलं आणि मी ते सगळ्यांना शिकवते. १३५ गुणिले १२९ म्हणजे १७,४१५ आकडे. प्रत्येक आकड्याला चार बाइट, म्हणजे एका दिवसाचे ६९,६६० बाइट. ३६५ दिवसांचे २,५४,२५,९००. एका वर्षाच्या ग्रिड फाइलचं, म्हणजे या चौकटींच्या फाइलचं, वजन बरोबर एवढंच भरायला हवं, लीप वर्ष असेल तर एका दिवसाने जास्त. कमी भरली तर डाउनलोड मध्येच तुटलंय. भाजीवालीकडची पिशवी हातात घेतल्यावर किलो आहे की पाऊण, हे आपल्याला कळतं ना, तसंच.

मग आपली जागा शोधायची. माझा बिंदू १९.०० उत्तर, ७३.०० पूर्व, नेरूळच्या बाजूचा. १९ वजा ६.५, भागिले ०.२५ म्हणजे ५०. ७३ वजा ६६.५, भागिले ०.२५ म्हणजे २६. ओळ ५०, रकाना २६. पण पायथन शून्यापासून मोजतं. आपण तळमजला, पहिला मजला म्हणतो, अगदी तसं. बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड नाही. त्यामुळे ५० म्हणजे प्रत्यक्षात एक्कावन्नावी ओळ, आणि आपल्याला तीच हवी आहे.

आता दिवस. ३० जूनपर्यंत १८१ दिवस, त्यात २६ मिळवले की २०७. मी २०७ मागितला. घसघशीत आकडा आला. मी खूश. भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, शून्यापासून मोजतात, विसरलीस? २६ जुलै हवा असेल तर २०६ माग." मागितला. आकडा एकदम खाली आला. म्हणजे चूक दुरुस्त केली आणि पाऊसच गेला! मी त्या पाण्यातून चालले आहे, मला कोण सांगणार की २६ जुलैला पाऊस नव्हता?

दोघी रात्री साडेबारापर्यंत भांडलो. उलगडा असा: आयएमडीचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो, आणि तो पाऊस लिहिला जातो संपण्याच्या तारखेवर. २६ तारखेला दुपारी माझ्या डोक्यावर पडलेला पाऊस मोजला गेला २७ ला सकाळी, म्हणून फाइलमध्ये तो २७ जुलै. मी शून्याची चूक केली होती आणि तारखेचीही. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि उत्तर बरोबर आलं. ती चूक मी एकटीने कधीच पकडली नसती. आणि पुढे शंभर दिवसांचा हिशेब केला असता तर शंभर तारखा एकेक दिवसाने सरकलेल्या.

हाच घड्याळाचा त्रास भूकंपवाल्यांना रोजचा. भुजचा भूकंप २६ जानेवारी २००१ चा, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांचा. जगाच्या कॅटलॉगमध्ये तो ३ वाजून १६ मिनिटांवर सापडेल, कारण तिथे वेळ ग्रीनिचची, आपल्या साडेपाच तास मागे. या वाटेने जायचं असेल तर ऑब्सपाय नावाचं पायथनचं गाठोडं आहे, ते घ्या. पण पहिल्या पानावरच लिहून ठेवा, कुठली वेळ वापरताय ते.

परत पावसाकडे. चौकटीत आलेला आकडा ९४४ नव्हता. असणारच नाही, तो आजूबाजूच्या केंद्रांच्या आकड्यांना अंतराप्रमाणे कमीजास्त वजन देऊन काढलेला असतो. त्याहून गंमत म्हणजे नकाशावर पाव अंशाच्या चौकटी आखल्या तेव्हा दिसलं, की १९.०० आणि ७२.७५ हा बिंदू मधोमध धरून आखलेल्या एकाच चौकटीत कुलाबाही बसतो आणि सांताक्रूझही. ९४४ आणि ७३ एकाच खोक्यात! माझा मूळ प्रश्न, एवढ्या जवळ एवढा फरक कसा, तो या डेटाला विचारताच येत नव्हता. चाळणीची भोकंच एवढी मोठी. त्यासाठी केंद्रांचे वेगवेगळे आकडे हवेत. शंभर वर्षांत कोकणात जुलैचा पाऊस कसा बदलत गेला, असं विचारलं तर मात्र याच फाइलसारखं सोनं नाही. साधन शिकता शिकता प्रश्नच बदलावा लागतो कधीकधी. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक खड्डा. जुलैतल्या एका साध्या दिवसाची मुंबई-ठाणे-रायगडची सरासरी काढली, तर उत्तर आलं उणे, तेही तीन आकडी. पाऊस उणे? समुद्रावर आयएमडी मोजत नाही, तिथे "आकडा नाही" हे सांगायला उणे ९९९ भरलेलं असतं. माझ्या आयतात निम्माअधिक अरबी समुद्र होता. सरासरी काढण्याआधी ते बाजूला काढायचे असतात. उंचीच्या काही फाइलींमध्ये हेच काम उणे ३२,७६८ करतो. उणे आला म्हणून निदान कळलं. मोठ्या आयतात समुद्राची एखादीच चौकट असती तर सरासरी उणे न येता नुसतीच कमी आली असती आणि मी ती रिपोर्टात लिहून मोकळी झाले असते. म्हणून आधी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा आकडा बघायचा, मग सरासरी.

पायथनमध्ये काय काय शिकायचं, तर या कामाला नमपाय, पांडाज आणि मॅटप्लॉटलिब ही पायथनची गाठोडी पुरतात. नेटसीडीएफ (हवामानाचा डेटा ठेवायचा एक प्रकार) फाइली आल्या की एक्सअरे हे गाठोडं. ते नावाने मागता येतं, "२७ जुलै २००५ दे, १९ अंशाजवळचं दे", त्यामुळे मजले मोजण्याची भानगड उरत नाही. पण एकदा तरी हाताने मोजा.

जमीन

उंचीच्या नकाशाला आम्ही डेम म्हणतो. जमिनीवर साधारण तीस मीटरचे खण पाडायचे आणि प्रत्येक खणात उंची लिहायची. प्रसिद्ध आहे तो एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने केलेला. आपल्या कार्टोसॅट उपग्रहावरून केलेला डेम इस्रोच्या भुवन पोर्टलवर मिळतो. युरोपचा कोपर्निकसही चांगला.

डेम चढवला, "स्लोप" दाबलं. मला वाटलं बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे उतार दिसतील. सगळी मुंबई काळीकुट्ट, उतार ८९.९ अंशांच्या वर. शिवाजी पार्कातसुद्धा कडा! कारण साधं आहे. उंची मीटरमध्ये होती आणि आडवं अंतर अंशांत. तीस मीटरचा खण म्हणजे ०.०००२८ अंश. एवढ्याशा अंतरात एक मीटर चढ म्हटल्यावर मशीनला तो कडाच वाटणार. उपाय: आधी डेम मीटरच्या जाळ्यात आणायचा. त्या जाळ्याचं नाव यूटीएम. मुंबईसाठी त्याचा ४३ वा उत्तर विभाग, क्यूजीआयएसमध्ये त्याचा नंबर ३२६४३. हा आता माझ्या बँकेच्या पिनइतका पाठ आहे. बदलताना "बायलिनियर" निवडा. नुसतं "निअरेस्ट" ठेवलं तर उतारांवर धोतराच्या काठासारखे पट्टे उमटतात.

मग मिठी. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. डेमवरून नदी काढायची रीत ठरलेली: आधी खड्डे बुजवायचे, मग प्रत्येक खणातलं पाणी कुठल्या शेजाऱ्याकडे जाईल ते काढायचं, मग कुठे किती पाणी गोळा होतं ते मोजायचं. क्यूजीआयएसमधून ग्रास किंवा सागा या जोड-सॉफ्टवेअरची साधनं हे करून देतात. माझी नदी पवईहून नीट निघाली आणि विमानतळाशी येऊन थबकली. आजूबाजूला पसरली, तळं झालं, आणि भलत्याच बाजूने बाहेर पडली. मिठी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते. आकाशातून बघणाऱ्या रडारला धावपट्टी दिसते, खालची मोरी दिसत नाही. त्याच्या लेखी तिथे बांध आहे. रस्त्यांच्या पुलांचं, रेल्वेच्या भरावांचंही तेच.

पुस्तकात याला उपाय आहे: माहीत असलेल्या नदीच्या रेषेवरचे खण मुद्दाम काही मीटर खाली करायचे, म्हणजे पाणी त्या चरातून जातं. ओपनस्ट्रीटमॅपवरून मिठीची रेषा मिळते, ती वापरली. पण ती रेषा बरोबर आहे का, हे बघायला मी एका रविवारी नवऱ्याला घेऊन मरोळपासून कुर्ल्यापर्यंत पुलापुलावर थांबत गेले. तो म्हणाला, लोक रविवारी बायकोला घेऊन जुहूला जातात.

उंचीचं शून्य कुठलं, हेही विचारत जा. पेपरात येतं, "आज ४.८ मीटरची भरती". लगेच कुणीतरी डेमवर ४.८ च्या खालची सगळी मुंबई निळी रंगवून व्हॉट्सॲपवर टाकतं. भरतीचं शून्य हे ओहोटीच्या खालच्या पातळीजवळ धरलेलं असतं आणि मुंबईची सरासरी समुद्रपातळी त्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. डेमचं शून्य साधारण त्या सरासरी पातळीवर. म्हणजे ४.८ ची भरती डेमच्या भाषेत सव्वादोनच्या आसपास. शिवाय डेममध्ये झाडं आणि इमारतीही मिसळलेल्या. कोपर्निकसमध्ये लोअर परळला टेकड्या दिसतात. त्या टॉवरच्या आहेत. दोन मीटरचा निष्कर्ष अशा डेमवरून काढायचा म्हणजे फूटपट्टीने केसाची जाडी मोजायची.

रोजची सवय

रोज पाऊण तास, पण रोज. मी सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी लॅपटॉप उघडायचे. आता उघडत नाही, पाठ दुखते. लाल अक्षरांत लांबलचक एरर आली की वरून वाचायला जाऊ नका, शेवटची ओळ आधी वाचा, खरं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. मूळ फाइल कधीही बदलू नका. तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये कुलूप लावल्यासारखी ठेवा आणि प्रत्येक फोल्डरात एक साधी मजकुराची फाइल असू द्या: डेटा कुठून आणला, कधी आणला, एकक काय, वेळ कुठली, शून्य कुठलं, "आकडा नाही" कशाने दाखवलाय.

चॅटबॉटकडून कोड लिहून घ्यायला हरकत नाही, मीही घेते. ओ की ठो कळत नसताना तो मोठा आधार आहे. फक्त साडेआठची गोष्ट त्याला आपण सांगितल्याशिवाय तो धरेलच असं नाही. आणि त्याने दिलेला कोड आधी एका दिवसावर, एका खणावर चालवून ते उत्तर कॅल्क्युलेटरने ताडून बघा. जमलं की मग शंभर वर्षं.

परत कोअर बॉक्सकडे

साइट सुरू झाल्यावर मी हे सगळं कामात आणायचं ठरवलं. एका प्रकल्पाचे चाळीस बोअरहोल होते, लॉगची एक्सेल ऑफिसातून आली. पायथनला वाचायला दिली तर वरचे थर गायब. उघडून बघते तो खोलीच्या रकान्यात तारखा! कुणीतरी "३-४" म्हणजे तीन ते चार मीटर लिहिलं, एक्सेलने त्याचं "३ एप्रिल" केलं. "११-१२" चं ११ डिसेंबर. "१३-१४" मात्र शाबूत, कारण चौदावा महिना नसतो. म्हणजे खालचा खडक सुरक्षित आणि वरचा भराव, खाडीची माती, मुंबईत पाया ठरवताना ज्याची खरी धास्ती असते तेच थर कॅलेंडरमध्ये गेलेले. आता मी "पासून" आणि "पर्यंत" असे दोन वेगळे रकाने करते. इतकं साधं.

त्यावर पायथनला आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याचा टक्का, काढायला लावला. प्रत्येक रनमधले (एका दमात ड्रिल केलेल्या लांबीतले) दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडे मिळवायचे, रनच्या लांबीने भागायचं, शंभराने गुणायचं. दीड मीटरच्या रनमध्ये असे तुकडे ९० सेंटिमीटर भरले तर ६० टक्के. हाताने करायला मला संध्याकाळ लागायची. आता चाळीस बोअरहोलचे रंगीत स्तंभ, भराव तपकिरी, माती करडी, बेसाल्ट गडद, ब्रेशिया ठिपक्यांचा, चहा उकळेपर्यंत तयार होतात.

पहिली छापील शीट मी आमच्या ड्रिलरना दाखवायला नेली. साठीचे आहेत, चाळीस वर्षं मशीनवर. चष्मा पुसून त्यांनी सात नंबरचा बोअरहोल बराच वेळ पाहिला.

"छान आहे मॅडम. पण हितं साडेसहा मीटरला पानी परत आलं न्हवतं. सगळं आत गेलं. त्ये कुठंय?"

ड्रिल करताना आत सोडलेलं पाणी वर परत येतं, ते रिटर्न वॉटर. ते आत गेलं, म्हणजे खाली भेग किंवा पोकळी. वहीत ते होतं, मी स्वतःच्या हाताने समासात लिहिलेलं. एक्सेलमध्ये त्याला रकानाच नव्हता, म्हणून चित्रातही नव्हतं. तिथेच कोअर बॉक्सवर बसून मी लॅपटॉप उघडला आणि "पाणी" नावाचा रकाना घातला. मग ते एकेका बोअरहोलचं आठवून सांगत गेले आणि मी वहीशी ताडून भरत गेले. एकोणचाळीस जुळले. चाळिसाव्याला वही म्हणत होती आठ मीटर, ते म्हणत होते साडेआठ. आम्ही बॉक्स उघडला.

साडेआठच होतं.